वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: पावणेतीन किलोमीटर, दोन मिनिटं आणि एक फसणारं सूत्र

दोन विमानतळांमधला उड्डाणाचा वेळ काढायचं एक रूढ सूत्र आहे. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्यापोटी अर्धा तास मिळवायचा. जेट विमानांच्या लांब मार्गांवर उत्तर साधारण जुळतं, त्यामुळे त्याच्याकडे कुणी संशयाने बघत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही शेजारशेजारची बेटं आहेत. त्यांच्या विमानतळांना हेच सूत्र लावलं तर उत्तर येतं तीस मिनिटं तेरा सेकंद. प्रत्यक्ष वेळापत्रकात हे उड्डाण दोन मिनिटांचं आहे. हवा साथ देत असेल तर दीड मिनिटातही उरकतं, आणि आजवरची सर्वांत जलद नोंद ५३ सेकंदांची आहे. जगातलं सर्वांत छोटं नियमित प्रवासी उड्डाण म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे ते हेच.

म्हणजे सूत्र पंधरापट चुकलं. आता विक्रमी उड्डाण म्हणजे अपवाद, अपवादाला सूत्र लावायचंच कशाला, असं म्हणून विषय मिटवता येतो. पण तसं करू नये. छोट्या बेटांच्या विमानतळांवर अंतर कसं मोजायचं, वेळ कशाने ठरते आणि मुळात असं उड्डाण असतंच कशासाठी, हे तिन्ही प्रश्न इथे इतके उघडे पडतात की दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

जागा

वेस्ट्रेवर २०११ च्या जनगणनेत ५८८ माणसं होती, पापा वेस्ट्रेवर ९०. दोन्ही बेटांच्या मध्ये पापा साउंड नावाची उथळ सामुद्रधुनी आहे. ऑर्कनीचं मुख्य गाव किर्कवॉल. इस्पितळ, मोठी दुकानं, सरकारी कचेऱ्या, सगळं तिथे. किर्कवॉलचा विमानतळ मोठा आणि व्यवस्थित आहे. या दोन बेटांवरच्या धावपट्ट्या मात्र अर्ध्या किलोमीटरच्या आसपास लांबीच्या, बाजूला एक लहानशी इमारत आणि भोवती कुरणं.

उड्डाणं लोगनएअर कंपनी चालवते. बेटांमधली ही सेवा १९६७ मध्ये सुरू झाली. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. पंख वर, चाकं कायम बाहेर, दोन पिस्टन इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्तीचं. आत उभं राहता येत नाही आणि मधून चालायला वाटही नाही. बाहेरून दार उघडून ज्याने त्याने आपल्या रांगेत शिरायचं. वैमानिक एकच असल्यामुळे विमान भरलेलं असेल तर त्याच्या शेजारच्या खुर्चीत प्रवासी बसतो आणि सगळी घड्याळं त्याला वैमानिकाइतकीच जवळून दिसतात. हवाईसुंदरी वगैरे प्रकार नाही. आयलंडरने पहिलं उड्डाण केलं १९६५ मध्ये, आणि आखूड, ओबडधोबड धावपट्टीवरून उठणं हेच त्याच्या रचनेचं उद्दिष्ट होतं. या प्रकरणात विमानाची निवड हा मुद्दा इथेच संपतो. त्या धावपट्ट्यांवर जेट उतरणं शक्यच नाही, म्हणजे सूत्रातले ८०० किलोमीटर पहिल्याच पायरीला बाद.

अंतर: कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत?

छापील आकडा १.७ मैल, म्हणजे २.७ किलोमीटर. एडिनबरा विमानतळाची मुख्य धावपट्टीच अडीच किलोमीटरहून थोडी जास्त आहे, त्यामुळे हे अख्खं उड्डाण एका मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीत जवळपास मावतं. ही तुलना सगळेच करतात. पण अंतर स्वतः मोजून पाहिलं तर जास्त गंमत येते.

वेस्ट्रे विमानतळाचे निर्देशांक ५९ अंश २१ मिनिटं १ सेकंद उत्तर, २ अंश ५७ मिनिटं ० सेकंद पश्चिम. पापा वेस्ट्रेचे ५९ अंश २१ मिनिटं ६ सेकंद उत्तर, २ अंश ५४ मिनिटं १ सेकंद पश्चिम. अक्षांशातला फरक फक्त ५ सेकंद, रेखांशातला १७९ सेकंद. म्हणजे पापा वेस्ट्रे जवळजवळ सरळ पूर्वेला आहे.

अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर. पाच सेकंदांचे झाले १५५. रेखांशाचा सेकंद विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ सरकत जातात, आणि ५९ अंशांवर तो निम्म्यावर आलेला असतो, सुमारे १५.८ मीटर. १७९ गुणिले १५.८ म्हणजे २,८२८ मीटर. पायथागोरस लावला की २,८३२. घाईघाईत हे आखडणं धरायचं, म्हणजे अक्षांशाची कोज्या (कोसाइन) लावायची राहिली तर अंतर साडेपाच किलोमीटर येतं, आणि उत्तर अटलांटिकातल्या बेटांची अंतरं हातानं काढताना नेमकी हीच चूक सर्रास होते. पृथ्वीच्या गोलाईची काळजी मात्र इथे करायची नाही. गोलावरचं अंतर काढायचं बृहद्वृत्ताचं भलंमोठं सूत्र वापरा नाहीतर कागदावर काटकोन त्रिकोण काढा, एवढ्याशा अंतरावर फरक पडत नाही.

मग छापील २.७ आणि आपलं २.८, यातलं खरं कोणतं? दोन्ही. निर्देशांक विमानतळाच्या एका ठरावीक संदर्भबिंदूचे असतात, साधारण धावपट्ट्यांच्या मधोमध धरलेल्या. विमान त्या बिंदूवरून उठतही नाही आणि त्यावर टेकतही नाही. धावपट्टी अर्ध्या किलोमीटरची आहे. विमान पूर्वेकडच्या टोकाजवळ जमीन सोडेल किंवा पश्चिमेकडच्या. पलीकडेही तीच कथा. त्यामुळे हवेत प्रत्यक्ष कापलेलं सरळ अंतर सव्वादोन ते सव्वातीन किलोमीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतं. आठशे किलोमीटरच्या मार्गावर अर्ध्या किलोमीटरला कोण विचारतो? इथे तो एकूण अंतराचा पाचवा-सहावा भाग आहे. दशांशचिन्हानंतर दोन-दोन आकडे देऊन या मार्गाचं अंतर सांगणाऱ्यावर म्हणूनच फार विश्वास ठेवू नये.

वेळ: समोरचा वारा परवडला

आयलंडरचा आरामात कापायचा वेग १३० नॉटच्या आसपास, ताशी २४० किलोमीटर. त्या वेगाने २.८ किलोमीटर ४२ सेकंदांत संपतात. पण विमान त्या वेगाला पोचतच नाही. उठल्यावर अर्धा मिनिट चढायचं, तेवढ्यात चारेकशे फूट उंची येते, आणि लगेच इंजिनांचा जोर कमी करून उतरणीला लागायचं. सरासरी १०० नॉट धरली तर ५५ सेकंद येतात. ५३ सेकंदांची नोंद अशी बघितली की तिच्यात जादू उरत नाही. त्या दिवशी विमान उठलं, नाकासमोर गेलं आणि एकही मोठं वळण न घेता उतरलं, एवढाच तिचा अर्थ.

एरवी दोन मिनिटं का लागतात, याचं उत्तर वळणांत आहे, आणि वळणांचं उत्तर वाऱ्यात.

विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. इतक्या आखूड धावपट्टीवर तर त्याला पर्याय नाही. वेस्ट्रेची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. ऑर्कनीत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो. समजा, पश्चिमेचा २५ नॉटचा वारा आहे आणि जायचंय पूर्वेला पापा वेस्ट्रेला. प्रवाशाला वाटतं, वा, वारा पाठीशी आहे, झटक्यात पोचू. वैमानिकाला मात्र पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे मुक्कामाकडे पाठ फिरवून उठावं लागतं. मग पूर्ण मागे वळायचं, सामुद्रधुनी ओलांडायची, पापा वेस्ट्रेच्या पुढे जायचं आणि पुन्हा मागे वळून पश्चिमेकडे तोंड करून टेकायचं. अर्धवर्तुळाकार वळणं दोन.

हवाई वाहतुकीत प्रमाण मानलेलं वळण सेकंदाला तीन अंशांचं असतं. १८० अंश वळायला एक मिनिट. १०० नॉट वेगाला त्या वळणाची रुंदी जवळपास दोन किलोमीटर होते, आणि इथे दोन विमानतळांमधलं अंतरच पावणेतीन आहे! असं वळण घेणारं विमान अर्धी सामुद्रधुनी वळण्यातच संपवेल. म्हणून वैमानिक विमान जास्त कलवतो. ३० अंश कलवलं तर तेच वळण २८ सेकंदांत आणि एक किलोमीटरहून कमी रुंदीत बसतं. दोन वळणांचे झाले ५६ सेकंद. मधलं अंतर पाठीमागच्या वाऱ्यामुळे १२५ नॉटने कापलं, त्याचे ४४. एकूण शंभर सेकंद, शिवाय आधी उलट्या दिशेने गेल्यामुळे वाढलेलं अंतर वेगळंच.

आता उलट दिवस घ्या. वारा पूर्वेचा, २५ नॉट, थेट समोरून. विमान पूर्वेकडे उठतं, सरळ जातं, समोर दिसणाऱ्या बेटावर जवळपास त्याच दिशेत उतरतं. जमिनीच्या हिशेबाने वेग घटून ७५ नॉट झाला तरी २.८ किलोमीटरला ७३ सेकंद. समोरचा वारा पाठीमागच्या वाऱ्यापेक्षा जवळपास अर्ध्या मिनिटाने जलद! लांब मार्गांवर असं कधी होत नाही. तिथे पाठीमागचा वारा हा निव्वळ फायदा. परतीच्या दिशेला अर्थातच हे सगळं उलटतं, म्हणून एकाच दिवशी जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा असू शकतो.

हे आकडे सोप्या गणिताचे आहेत. खऱ्या उड्डाणात वारा तिरका असतो. पापा वेस्ट्रेची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम नसून ईशान्य-नैऋत्य आहे. आडवा वारा फार झाला तर दुसऱ्या धावपट्टीचा आधार घ्यावा लागतो, आणि म्हणूनच एवढ्याशा विमानतळांवर एकापेक्षा जास्त दिशांच्या पट्ट्या राखलेल्या आहेत. वेगाचा विक्रम हवा असेल तर वारा मंद हवा, म्हणजे कुठल्याही दिशेला तोंड करून उठता येतं.

यात अजून एक हिशेब मिसळलेला असतो. वेळापत्रकातला वेळ हा ब्लॉक टाइम असतो, म्हणजे विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा. नोंदीतले ५३ सेकंद हे उड्डाणाचे. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत सरपटत जायलाच पंधरा मिनिटं जातात आणि सूत्रातला अर्धा तास बराचसा त्यासाठीच असतो. इथे विमानाच्या पुढे रांग नाही आणि विमान उभं राहतं तिथून धावपट्टी दोन पावलांवर. अर्ध्या तासाचं ते ठोकळ मिळवणं उडालं की सूत्रात काहीच उरत नाही.

पण पावणेतीन किलोमीटर विमानाने कोण जातं?

खरं सांगायचं तर फक्त तेवढ्यासाठी, पर्यटक सोडल्यास, फारसं कुणी नाही. वेस्ट्रेवरच्या पिअरोवॉलहून पापा वेस्ट्रेला प्रवासी बोट जाते आणि सुमारे पंचवीस मिनिटांत पोचवते. पिअरोवॉलमध्ये राहणाऱ्याला विमानतळावर जाऊन विमानाची वाट पाहण्यापेक्षा धक्क्यावर जाणं सोपं. दारापासून दारापर्यंत वेळ धरली तर दोन मिनिटांचं उड्डाण बोटीला सहज हरवेल असं मुळीच नाही.

मग हे उड्डाण का आहे? नकाशावर किर्कवॉल घेतलं की कोडं सुटतं. किर्कवॉल ते वेस्ट्रे सुमारे ४४ किलोमीटर. किर्कवॉल ते पापा वेस्ट्रेही ४४. त्रिकोण काढला तर दोन लांब बाजू आणि एक चिमुकली. किर्कवॉलहून निघालेल्या विमानाला दोन्ही बेटांवर जायचं आहे. प्रत्येक बेटाला स्वतंत्र फेरी केली तर १७६ किलोमीटर उड्डाण. एकाच फेरीत दोन्ही जोडली तर ९१. चिमुकल्या बाजूचे तीन किलोमीटर उडून ८५ वाचतात, म्हणजे वीसेक मिनिटांचं इंधन आणि वैमानिकाचा तेवढाच वेळ.

दोन मिनिटांचं हे उड्डाण दोन बेटं जोडण्यासाठी आखलेलंच नाही. ते किर्कवॉलच्या फेरीतलं वळण आहे. विमानातले बहुतेक जण किर्कवॉलला निघालेले असतात किंवा तिथून आलेले: इस्पितळात जाणारा, कामासाठी आलेला शिक्षक किंवा डॉक्टर, नाहीतर नॅप ऑफ हॉवर बघायला निघालेला संशोधक. हे पापा वेस्ट्रेवरचं नवाश्मयुगीन शेतघर इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमाराचं, उत्तर युरोपात अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या दगडी घरांपैकी एक. फेरीची दिशाही कायम एकच नसते. कधी विमान आधी वेस्ट्रेला जातं, कधी आधी पापा वेस्ट्रेला. म्हणून एखाद्या दिवशी तुम्हाला हव्या त्या दिशेचं ‘जगातलं सर्वांत छोटं उड्डाण’ नसूही शकतं. विक्रमाचं प्रमाणपत्र पदरात पाडून घ्यायला येणाऱ्या हौशी मंडळींनी आधी वेळापत्रक बघावं ते याचसाठी.

पर्यटक आणि प्रमाणपत्र यांच्याकडे मी थोडा कौतुकाने, थोडा वैतागून बघतो. त्यांच्यामुळे खुर्च्या भरतात हे खरं. पण त्यांच्यामुळेच हा मार्ग एक गंमत म्हणून ओळखला जातो आणि त्यामागची साधी सोय झाकली जाते. या सेवेला सार्वजनिक पैसा लागतो. ऑर्कनीची स्थानिक परिषद सार्वजनिक सेवेचं बंधन म्हणून ती चालू ठेवते. नव्वद माणसांच्या बेटावर निव्वळ तिकिटांतून विमान चालवून दाखवा असं कुणी म्हणू नये. किर्कवॉलहून वेस्ट्रेची मोठी बोट दीड तासाच्या आसपास घेते, तीही बेटाच्या दक्षिण टोकाला सोडते. विमान पाव तासाच्या आसपास. आजारी माणसाच्या दृष्टीने खरा फरक हा आहे. पापा साउंड दोन मिनिटांत ओलांडता येते याचं त्याला काही नाही.

असाच टप्पा जोडायचा प्रयत्न दुसरीकडे फसलेलाही आहे. २०१६ च्या शेवटी पीपल्स व्हिएन्नालाइन कंपनीने स्वित्झर्लंडच्या आल्टेनऱ्हाइनहून कॉन्स्टन्स सरोवरापलीकडच्या जर्मनीतल्या फ्रीडरिक्सहाफेनला जेट सुरू केलं. अंतर वीसेक किलोमीटर, हवेत आठ मिनिटं, पुढे कोलोनपर्यंत. तोही लांब मार्गातला टप्पाच होता, पण सरोवराला वळसा घालून रस्ता आहे, रेल्वे आहे, फेरीबोट आहे. पर्यावरणवाद्यांनी झोडपलं आणि २०१७ मध्ये तो बंद पडला. अंतर कमी असणं हा दोन्हीकडे मुद्दा नव्हता. दुसरी वाट आहे की नाही, हा होता.

टाकीत दोन मिनिटांचं इंधन नसतं

विमानाच्या झिजेचा हिशेब तासांवर कमी आणि उठण्या-टेकण्याच्या संख्येवर जास्त चालतो. ९१ किलोमीटरच्या या फेरीत विमान तीनदा पूर्ण जोर लावून उठतं आणि तीनदा चाकं आपटतं. उघडी, साधी, न मिटणारी चाकं इथे का टिकून आहेत हे त्यावरून कळतं. मिटणाऱ्या चाकांनी वेग थोडा वाढला असता, पण पावणेतीन किलोमीटरला ती मिटायची आणि लगेच उघडायची.

आणि याच ठिकाणी ‘इतकं छोटं उड्डाण, मग बॅटरीवर का नाही चालवत?’ हा प्रश्न येतो. ऑर्कनीत प्रयोग झालेले आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अँपेअर कंपनीचं इंजिन-बॅटरी अशा मिश्र शक्तीचं विमान किर्कवॉलहून समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या ‘विक’ या गावी गेलं. आयलंडरलाच नवी शक्ती देण्याचा ‘प्रोजेक्ट फ्रेसन’ २०१९ मध्ये जाहीर झाला, आधी बॅटरीच्या कल्पनेने, आणि २०२१ मध्ये तो हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटाकडे (फ्युएल सेल) वळला. नाव कॅप्टन टेड फ्रेसन यांचं; त्यांनी १९३३ मध्ये इन्व्हर्नेस-किर्कवॉल सेवा सुरू केली आणि १९३४ मध्ये याच मार्गावर हवाई टपाल नेलं.

बॅटरी सोडून हायड्रोजन का, हे दोन मिनिटांकडे बघून समजणार नाही. वेस्ट्रेहून उठलेल्या विमानाला पापा वेस्ट्रेवर अचानक धुकं उतरलेलं दिसू शकतं. उत्तर समुद्राचं धुकं बघता बघता किनारा झाकतं. मागे वळावं तर वेस्ट्रेही झाकलेलं. मग किर्कवॉलपर्यंत ४४ किलोमीटर, तिथेही उतरता आलं नाही तर आणखी पुढचा विमानतळ, आणि हे सगळं धरून वर किमान अर्ध्या तासाचा राखीव साठा, ज्याला हात लावायचा नसतो. शिवाय दोन्ही बेटांवर दर फेरीला विमान चार्ज करत बसायला वेळ नाही, त्यामुळे किर्कवॉलहून निघतानाच अख्ख्या फेरीची शक्ती सोबत हवी. आजच्या बॅटऱ्यांनी एवढी शक्ती साठवायची तर त्यांच्या वजनात प्रवाशांच्या खुर्च्या जातात. दोन मिनिटांच्या उड्डाणासाठी विमानात प्रत्यक्षात तासाभराहून अधिक उडण्याची तयारी भरलेली असते, आणि नवं इंजिन निवडणाऱ्याला मापाला घ्यावा लागतो तो आकडा हा.